डॉ. खानोलकरांचे निबंध आणि आपली मशेरी

एखाद्या संशोधकाचे मोठेपण कशावरून ठरवावे? साहित्यिकाची पुस्तके आपण कलाशाखेचे विद्यार्थी घडाघडा सांगू शकतो. शास्त्रज्ञाचे तसे नसते. त्याची कमाई म्हणजे शोधनिबंध. पाच-दहा पानांचे, रूक्ष, कोष्टकांनी भरलेले. निबंध प्रसिद्ध झाला की इतर संशोधक आपल्या लेखनात त्याचा उल्लेख करतात. या उल्लेखांची सूची करावी ही कल्पना अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली मांडली आणि १९६४ पासून तशी सूची निघूही लागली. आज प्राध्यापकांच्या बढत्यादेखील अशा आकड्यांवर अडतात, हे आपल्या गुरुजनांना ठाऊक आहेच! ही मोजपट्टी कोठवर पुरते हे पाहायचे, तर डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे उदाहरण घ्यावे.

खानोलकर (१८९५-१९७८) मूळचे गोमंतकीय. त्यांचा विषय विकृतिशास्त्र, म्हणजे रोगट पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगाचे स्वरूप ठरविणे. १९४१ साली मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे आली. कर्करोग हा पाश्चात्त्यांचा रोग, हिंदी माणसाला तो क्वचितच होतो, असा समज त्या काळी सुशिक्षितांतही होता. रुग्णालयात येणाऱ्यांची तोंडे रोज पाहणाऱ्याला तो पटणे शक्य नव्हते. १९४४ साली 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकन नियतकालिकात त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. यातला 'लागोपाठच्या' हा शब्द मोलाचा आहे. रुग्ण निवडून घेतलेले नव्हते, आले तसे घेतले होते. त्यामुळे सोयीची उदाहरणे वेचली असा आक्षेप घेण्यास जागा उरली नाही.

पुढच्याच वर्षीच्या निबंधात माणसाच्या रूढी आणि कर्करोग यांची सांगड घातलेली आहे. कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचाने त्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग, आंध्रात चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग, आणि ओठाआड चुना-तंबाखूची चिमूट ठेवणाऱ्यांच्या ओठाचा कर्करोग. मला तर हा निबंध समाजशास्त्राच्या वर्गातही वाचावा असा वाटतो.

मात्र रुग्णांना तंबाखूची सवय होती एवढ्याने कार्यकारण सिद्ध होत नाही. ती सवय निरोगी माणसांनाही तितकीच असू शकते. म्हणून तुलना हवी. ती १९५५ साली डॉ. संघवी, राव आणि खानोलकर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील निबंधात केली. कर्करोगाचे रुग्ण आणि कर्करोग नसलेली माणसे यांच्या सवयी त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या. चघळण्याचा संबंध मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाशी, तर विडी ओढण्याचा संबंध घशाच्या मागील भागाच्या कर्करोगाशी दिसला. जेथे तंबाखू लागते, तेथे रोग.

या निबंधांचे पुढे काय झाले? १९८५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त पान चघळणे माणसात कर्करोगकारक असल्याचा निर्णय दिला, तेव्हा आधारासाठी तपासलेल्या अभ्यासांत हा १९५५ चा अभ्यासही होता. म्हणजे निबंध तीस वर्षांनीही कामाचा होता.

दुसरा प्रभाव कोणत्याही सूचीत नीटसा सापडत नाही. तो म्हणजे शिष्य. पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजेच डॉ. कमल रणदिवे, यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे त्या ऊतिसंवर्धन शिकल्या आणि परतल्यावर मुंबईत देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक निबंध आहेत, कुष्ठरोगावरचेही. १९५२ साली खानोलकरांनी ज्या कर्करोग संशोधन केंद्राची घडी बसविली, ते २००२ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला हलले. पेणच्या गाडीने मुंबईला जाताना आपण त्याच्या जवळूनच जातो.

आणि तरीही पेण-रोह्याच्या कितीतरी घरांत आजही सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी होते. आजी ती बोटाने हिरड्यांना लावते, दात दुखायचे थांबतात म्हणते. विडी ओढणाऱ्या नातवाला मात्र रागावते, कारण तिच्या लेखी मशेरी म्हणजे तंबाखू नव्हेच! परळहून निघालेला निबंध परदेशातील तज्ज्ञांपर्यंत पोहोचला. आमच्या पडवीपर्यंतचे अंतर त्याला जास्त पडले. मशेरी लावणाऱ्या माणसाच्या गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा चट्टा उमटला, तर तो बहुधा दुखत नाही, म्हणून कोणी दाखवीत नाही. दोन-तीन आठवड्यांत जो चट्टा जात नाही, तो दंतवैद्याला आरसा आणि विजेरी घेऊन दोन मिनिटांत पाहता येतो.