जिवाणूंचं खरं प्रॅक्टिकल लॅबबाहेर!

उसाचा हंगाम सुरू झाला, की राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावकडच्या पोरांना बस कुठं पोचली हे खिडकीबाहेर न बघताही कळतं. डिस्टिलरीचा वास! १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला आणि पुढे साखरेनं आपल्या जिल्ह्याचं रूपच बदललं. पण साखरेमागून मळी आली, मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलमागून गडद तपकिरी स्पेंटवॉश.

एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश उरतो. त्यातला सेंद्रिय माल कुजवताना जिवाणूंना जो ऑक्सिजन लागतो, तो म्हणजे बीओडी. ती इथे लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅमपर्यंत जाते. घरगुती सांडपाण्याची दोन-तीनशेच्या आसपास असते. हे पाणी तसंच शेतात किंवा ओढ्यात गेलं, तर मुळांना हवा मिळत नाही, जमिनीत क्षार साठतात आणि विहिरीच्या पाण्याला चहासारखा रंग येतो.

फ्लास्कमधला हीरो

मायक्रोबायोलॉजीवाले म्हणतील, ‘सोपंय की, जिवाणू सोडा!’ स्पेंटवॉशचा रंग मेलॅनॉइडिनमुळे येतो. लाकूड कुजवणारी फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही बुरशी फ्लास्कमध्ये तो तोडून दाखवते. पण तिथे तिला निर्जंतुक माध्यम, ग्लुकोज, हवं ते तापमान सगळं आयतं मिळतं. शेतातल्या एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू आधीच ठाण मांडून बसलेले असतात. त्यांच्यापुढे या पाहुणीचा टिकाव लागणं अवघड.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. तेल पचवणारा जिवाणू घडवणारे आनंद मोहन चक्रवर्ती १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पेटंटची लढाई जिंकले. पण तो जिवाणू उघड्यावर कधी वापरलाच गेला नाही. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर टाकलं गेलं ते खत! तेल खाणारे जिवाणू तिथे होतेच, त्यांना नत्र आणि स्फुरद कमी पडत होतं.

ढिगातली गर्दी

आपल्याकडच्या डिस्टिलऱ्यांमधलं बायोकंपोस्टही याच तत्त्वावर चालतं. प्रेसमडचे लांब ढीग लावतात, त्यावर जिवाणूंचं कल्चर आणि स्पेंटवॉश फवारतात, मशिननं ढीग वरखाली करतात. हवा आणि ओल जमली, की ढीग आतून ६०-७० अंशांपर्यंत तापतो आणि दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं. मात्र जमीन पाणी न मुरणारी हवी आणि पावसाळ्यात काम बंद हवं. नाहीतर निचरा परत विहिरीतच!

आणखी एक गोष्ट. जिवाणू सेंद्रिय माल खातात, क्षार आणि जड धातू नाही. खारावलेल्या रानाला चर आणि निचराच लागतो. त्यामुळे ‘एक पुडी टाका, जमीन शुद्ध’ असं कुणी म्हणालं, तर आधी माती परीक्षणाचा रिपोर्ट मागा.

करून बघा

प्रोजेक्टला विषय हवाय? हातमोजे घालून गॅरेजसमोरची तेलकट माती आणा आणि दोन कुंड्या भरा. तिसरीत स्वच्छ माती. तिन्ही ओल्या ठेवा. एका तेलकट कुंडीत शेणखत मिसळा आणि दर आठवड्याला ती उकरा. दोन महिन्यांनी उरलेल्या दोन्हींतही तेवढंच शेणखत घाला, नाहीतर फरक खताचा की जिवाणूंचा हे कळणार नाही. मग प्रत्येकीत मुगाचे २० दाणे पेरा आणि किती उगवले ते मोजा.

कदाचित आकडे मनासारखे येणार नाहीत. तरी वहीत जसेच्या तसे लिहा. उघड्या रानात जिवाणू कधी दगा देतात, हेही कुणीतरी नोंदवायला हवंच ना!