गुणोत्तर-प्रमाण : आकडे मांडण्याआधी विचारायचा एक प्रश्न



'गुणोत्तर व प्रमाण' हा पाठ आला की मुलं लगेच तिरकस गुणाकार करायला लागतात. पुस्तकातली उत्तरं बरोबरही येतात. पण त्यांना हे विचारून बघा : "एक शर्ट दोरीवर २ तासांत वाळतो, तर ५ शर्ट किती तासांत वाळतील?" पटकन १० तास असं उत्तर येऊ शकतं! खरं तर दोरीवर जागा असेल, तर पाचही शर्ट २ तासांतच वाळणार.

म्हणून आकडे मांडण्याआधी एकच प्रश्न विचारायची सवय लावा : एक गोष्ट दुप्पट केली, तर दुसरीचं काय होईल?

१) दुसरीही दुप्पट होते : समप्रमाण
४ माणसांना ३ वाट्या पोहे लागतात, तर १० माणसांना किती? आधी एका माणसाचं काढू : ३ ÷ ४ = पाऊण वाटी. मग १० माणसांना साडेसात वाट्या.

२) दुसरी निम्मी होते : व्यस्त प्रमाण
घरातली ज्वारी ६ माणसांना २० दिवस पुरते. २ पाहुणे राहायला आले, तर? खाणारी तोंडं वाढली, म्हणजे दिवस कमी होणार. ६ × २० = १२०, आणि १२० ÷ ८ = १५ दिवस.

३) दोन्हींपैकी काहीच होत नाही : इथे प्रमाण लावायचं नाही
शर्टाचं उदाहरण यातलंच. आणखी एक बघा : मुलगी ८ वर्षांची, आई ३२ वर्षांची. मुलगी १६ वर्षांची झाली, की आई ६४ नाही, ४० वर्षांची होते.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही (इ.स. ११५०) त्रैराशिक आणि व्यस्त त्रैराशिक वेगवेगळे सांगितले आहेत. प्रकार ओळखणं तेव्हाही महत्त्वाचंच होतं.

आता हे गणित फक्त मार्कांसाठी नाही, ते कसं बघा. जुलाब झाल्यावर घरी मीठ-साखरेचं पाणी करतात. त्याचं प्रमाण : १ लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पाणी अर्धाच लिटर घेतलं, तर साखर ३ चमचे आणि मीठ पाव चमचा. इथे कुणी साखर निम्मी केली, पण मीठ तेवढंच ठेवलं, तर पाणी दुप्पट खारट होतं. लहान बाळाला असं पाणी अपायकारक ठरू शकतं. १ लिटरचं ओआरएसचं पाकीट एका ग्लासात कालवणं ही तशीच चूक. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्यायचं.

या आठवड्यात मुलांना घरातलीच तीन उदाहरणं शोधून आणायला सांगा, प्रत्येक प्रकाराचं एक. उत्तर काढायची घाई नको. "हे कोणत्या प्रकारात बसतं आणि का?" एवढंच आधी बोलू द्या. ते जमलं, की गुणाकार-भागाकार मुलं आपोआप बरोबर करतील.