विटांचा बाजार (भाग ६) : कॉर्नवॉलची बंद दारं

सेंट आइव्हज् पाहायचं तर नोव्हेंबरात. उन्हाळ्यात या बंदरात पाय ठेवायला जागा नसते आणि सगळ्याच खिडक्या उजळलेल्या दिसतात. नोव्हेंबरात पाचच्या आत अंधार पडतो. तेव्हा बंदरालगतच्या डाऊनअलाँग या जुन्या कोळीवस्तीतून फिरावं आणि दिवे लागलेली घरं मोजावीत. २०११च्या जनगणनेत गावातल्या साधारण चौथाई घरांत कायमचं राहणारं कुणी नव्हतं. ही घरं बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेतलेली किंवा पर्यटकांना भाड्यानं दिली जाणारी होती. कोकणातल्या गावातही बंद घरं दिसतात, पण तिथं कुलूप लावून गेलेला असतो तो गावचाच माणूस. इथल्या कुलपाची किल्ली लंडनमध्ये असते.

मागच्या भागात आपण व्याजदर पाहिले. आज त्या हिशेबात न बसणारी काउंटी घेऊ. कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं नैऋत्य टोक, तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला टेमर नदी. लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झान्सला पोचायला आगगाडीनं पाचेक तास लागतात. कथलाच्या खाणी हा इथला जुना धंदा. त्यातली साउथ क्रॉफ्टी ही खाण १९९८मध्ये बंद झाली. मासेमारी आहे, पण पूर्वीसारखी नाही. उरलं ते पर्यटन, म्हणजे हंगामी काम आणि बेताचा पगार.

आता आकडे मांडू. कॉर्नवॉलमधल्या घराची सरासरी किंमत अलीकडे पावणेतीन लाख पौंडांच्या आसपास घुटमळते आहे. इंग्लंडमधली बँक ढोबळमानानं वार्षिक पगाराच्या साडेचार पट कर्ज देते. तीस हजार पौंड मिळवणाऱ्याला १ लाख ३५ हजार मिळतील. उरलेले निम्म्याहून अधिक पैसे त्यानं आणायचे कुठून? हा प्रश्न ज्याला पडत नाही तोच इथे भाव ठरवतो. लंडनमधला फ्लॅट विकून आलेल्या निवृत्त जोडप्याला ही किंमत स्वस्तच वाटते.

सरासरी हा शब्दही इथे फसवा आहे. सेंट आइव्हज्‌हून वीसेक किलोमीटरवर कॅम्बोर्न लागतं. खाणकामगारांसाठी बांधलेल्या दगडी घरांच्या रांगा तिथे अजून उभ्या आहेत आणि त्यांचे भाव बंदरातल्या घरांच्या जवळपासही जात नाहीत. कारण एकच, खिडकीतून समुद्र दिसत नाही. त्यामुळे 'कॉर्नवॉलचे भाव वाढले' किंवा 'पडले' असं वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या कॉर्नवॉलचे?

सेंट आइव्हज्‌च्या लोकांनी २०१६च्या मे महिन्यात सार्वमत घेतलं. गावात बांधलं जाणारं नवं घर, घेणाऱ्याचं कायम राहण्याचं ठिकाण असलं पाहिजे, ही अट ८३ टक्के मतदारांनी उचलून धरली. मतदारयादीतलं नाव, डॉक्टरकडची नोंदणी, मुलांची शाळा असे पुरावे द्यायचे आणि पुढे घर कुणाला विकलं तरी अट त्याच्यासोबत जायची. वास्तुविशारदांची एक कंपनी न्यायालयात गेली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयानं अट कायम ठेवली. विजय मोठा होता. मात्र अट फक्त नव्या घरांना होती. सुट्टीसाठी घर हवं असणारे डाऊनअलाँगमधल्या जुन्या घरांकडे वळले आणि नव्या घरांना चढा भाव मिळेना म्हणून बांधकाम मंदावलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी हे पुढे दाखवून दिलं. फुगा एका बाजूनं दाबला की दुसऱ्या बाजूनं फुगतो.

मग आली महासाथ. बँक ऑफ इंग्लंडचा दर ०.१ टक्क्यावर, घरबसल्या काम, आणि जुलै २०२०पासून पाच लाख पौंडांपर्यंतच्या घराला मुद्रांक शुल्क माफ. किनाऱ्यावर झुंबड उडाली. खरी झळ बसली ती भाडेकरूंना. साध्या घरमालकांची कर्जाच्या व्याजावरची पूर्ण करसवलत २०१७ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्यानं काढून घेतली होती, पण पर्यटकांना घर देणाऱ्यांची ती शाबूत होती. शिवाय असं घर 'व्यवसाय' म्हणून नोंदवलं आणि त्याचं करपात्र मूल्य बारा हजार पौंडांच्या आत असलं की ना घरपट्टी, ना व्यवसाय कर. कारण न सांगता दोन महिन्यांची नोटीस देऊन भाडेकरूला बाहेर काढण्याची मुभा कायद्यात होतीच. मालकानं काय करावं, हे सरकारनंच जणू लिहून दिलं होतं.

या पळवाटा एकेक करून बुजल्या. एप्रिल २०२३पासून 'व्यवसाय' ठरायला वर्षात निदान ७० रात्री घर प्रत्यक्ष भाड्यानं जावं लागतं. एप्रिल २०२५मध्ये सुट्टीच्या घरांची खास करसवलत संपली आणि त्याच महिन्यापासून कॉर्नवॉल कौन्सिलनं दुसऱ्या घरांची घरपट्टी दुप्पट केली. मुद्रांक शुल्काचं गणित तर पाहण्यासारखं आहे. तीन लाख पौंडांचं घर आयुष्यात पहिल्यांदाच घर घेणाऱ्यानं घेतलं तर शुल्क शून्य. आपलं राहतं घर विकून आलेल्यानं घेतलं तर पाच हजार. दुसरं घर म्हणून घेतलं तर वीस हजार.

हे पुरेसं आहे का? माझं मत, नाही. किनाऱ्यावर विक्रीच्या पाट्या वाढल्याच्या बातम्या आहेत, पण साडेचार पटीच्या कर्जात मावेल इतके भाव काही उतरलेले नाहीत. कॅफेत काम करणारी मुलगी उन्हाळ्यात एमेटांची सरबराई करते (एमेट म्हणजे स्थानिक बोलीत मुंगी, पर्यटकांना ठेवलेलं नाव) आणि रात्री परतते ती गावाबाहेरच्या भाड्याच्या खोलीत. तिला हवं ते परवडणाऱ्या भाड्याचं, कौन्सिलच्या मालकीचं घर. अशी घरं होती. १९८०च्या कायद्यानं ती राहत्या भाडेकरूंना मोठ्या सवलतीत विकत घेता येऊ लागली, आणि विकलेल्यांच्या जागी पुरेशी नवी बांधली गेली नाहीत. त्या सवलतीला सणसणीत कात्री लागली ती २१ नोव्हेंबर २०२४ला, चव्वेचाळीस वर्षांनी. ती कथा पुढच्या आठवड्यात.