धारणाधिकार, उपकंत्राटदाराचा

इमारतीच्या बांधकामासाठी श्रम वा साहित्य पुरविणाऱ्या उपकंत्राटदारास, मोबदला न मिळाल्यास, ती इमारत व तिच्याखालील जमीन यांवर प्राप्त होणारा बोजारूपी हक्क. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार कारागिरास मिळणारा धारणाधिकार ताब्यावर अवलंबून असतो. शिंप्याला मजुरी मिळेपर्यंत कपडा अडवून ठेवता येतो. गवंड्याने रचलेली भिंत मात्र मालकाच्या जमिनीचा भाग होऊन जाते. ही अडचण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कायद्याने दूर करण्यात आली. वॉशिंग्टन या नव्या राजधानीच्या उभारणीस चालना देण्यासाठी मेरिलंड राज्याने १७९१ मध्ये केलेला कायदा हा त्यांतील पहिला होय.

उपकंत्राटदाराचा करार मुख्य कंत्राटदाराशी असतो, मालकाशी नसतो. त्यामुळे मुख्य कंत्राटदाराची पूर्ण रक्कम चुकती केलेल्या मालकावरही त्याच कामासाठी पुन्हा पैसे मोजण्याचा प्रसंग येऊ शकतो. पूर्वसूचनेची अट घालण्याचे कारण हेच. कॅलिफोर्नियात या हक्काला १८७९ च्या राज्यघटनेचा आधार आहे. तेथे काम वा पुरवठा सुरू केल्यापासून २० दिवसांच्या आत मालक, मुख्य कंत्राटदार व बांधकामास कर्ज देणारी संस्था यांना लेखी सूचना द्यावी लागते. विलंबाने हक्क समूळ नष्ट होत नाही. सूचनेपूर्वीच्या २० दिवसांतील व त्यानंतरच्या कामापुरता तो उरतो. १ मार्चपासून लाकूड पुरविणाऱ्याने ३० एप्रिलला सूचना दिली, तर मार्चमधील सर्व मालाचे संरक्षण तो गमावतो. मजुरीवर काम करणाऱ्यांना या अटीतून सूट आहे.

केवळ सूचनेने धारणाधिकार सिद्ध होत नाही. याबाबत पुष्कळांची गल्लत होते. काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांत काउंटीच्या नोंदणी कार्यालयात मागणीची नोंद करावी लागते. मालकाने कार्यपूर्तीची सूचना नोंदविल्यास त्या नोंदीपासून ३० दिवसच मिळतात. मागणीच्या नोंदीनंतर सामान्यतः ९० दिवसांत दावा दाखल न केल्यास धारणाधिकार संपुष्टात येतो. मुख्य कंत्राटदाराविरुद्धचे येणे तेवढ्याने बुडत नाही. मालकाची आधी सुनावणी न होता त्याच्या मालमत्तेवर बोजा चढतो, हा आक्षेप राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये फेटाळला.

न्यूयॉर्क राज्यात मालकाचे संरक्षण निराळ्या रीतीने केले आहे. मुख्य कंत्राटदारास मालकाकडून जेवढे येणे शिल्लक असेल, तेवढ्यापुरताच उपकंत्राटदाराचा धारणाधिकार चालतो. मालकास ही पद्धत सोयीची खरी. पण त्याने सर्व रक्कम आधीच दिलेली असल्यास उपकंत्राटदाराच्या हाती काही लागत नाही.

सरकारी इमारतींवर असा बोजा चढविता येत नाही. संघशासनाच्या ठराविक रकमेवरील बांधकामांसाठी १९३५ च्या मिलर अधिनियमानुसार मुख्य कंत्राटदाराकडून हमीपत्र घेतले जाते व उपकंत्राटदारास त्याआधारे वसुली करता येते.