तेल उन्हानंतरचं

कसब्यातल्या अरुंद आळ्या एरवी माणसाला सावलीतून चालवतात. १३ मेच्या आसपास मात्र भरदुपारी सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही आणि आळीलाही भिंतीचा आडोसा उरत नाही. एप्रिल-मेमध्ये इथला अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ही सर्वांत वरची पायरी. त्यात शनिवारवाड्यावरून नव्या पुलाकडे दुचाकी काढली की मग उघडंच ऊन.

याच दिवसांत घरी सनस्क्रीन करण्याच्या कृती फोनवर फिरू लागतात: खोबरेल, करंजतेल, बदामतेल, थोडं मेण, चमचाभर झिंक ऑक्साइड. हौस चांगली आहे, तेलंही चांगली आहेत. काम मात्र चुकीचं सांगितलं जातं, आणि त्याची किंमत त्वचा मोजते.

‘खोबरेलात एसपीएफ ७ असतो’ हे वाक्य बहुतेक २०१० च्या एका भारतीय अभ्यासापर्यंत पोहोचतं. रायपूरच्या दोन संशोधकांनी तेलं अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यातून अतिनील किरण सोडले. ऑलिव्ह तेलाला साधारण साडेसात, खोबरेलाला सात, एरंडेलाला साडेपाचच्या थोडं वर आणि आपल्या तिळाच्या तेलाला दोनही नाही, असे आकडे आले. पण हे काचपात्रातल्या द्रावणाचं मोजमाप. त्वचेवर तेल पसरतं, घामाबरोबर ओघळतं, कपड्याला पुसलं जातं. त्वचेसारख्या खडबडीत पट्टीवर थर देऊन मोजलं, तर बहुतेक वनस्पतितेलं १ च्या आसपासच राहतात, म्हणजे जवळजवळ काहीच संरक्षण नाही. शिवाय एसपीएफ मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या किरणांचा हिशेब देतो. आपली सावळी त्वचा चटकन भाजत नाही. तिला छळतात ते वांगाचे डाग, आणि ते गडद करणाऱ्या लांब लहरींच्या किरणांबद्दल हा आकडा फारसं बोलत नाही.

झिंक ऑक्साइड खरोखर किरण अडवतं. अडचण ते मिसळण्याची. कारखान्यात त्याचे बारीक कण तेलात सारखे पसरवायला खास यंत्रं लागतात आणि प्रत्येक खेपेची तपासणी होते. वाटीत चमच्याने ढवळलेल्या मलमात गुठळ्या राहतात. डोळ्याला थर सलग दिसतो, पण अधूनमधून उघड्या जागा सुटतात. करंजतेलातली करंजिन, पोंगामॉल ही द्रव्यं अतिनील किरण शोषतात हेही खरं, मात्र घाण्यातून निघालेल्या तेलात ती किती उतरली हे घरी कळायला मार्ग नाही.

काही तेलं तर उलटं वागतात. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं बावचीचं तेल कोडावर वैद्याच्या सल्ल्याने लावतात ते त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील व्हावी म्हणूनच. लिंबाच्या सालीतलं तेल आणि लिंबाचा रस यांतही त्याच जातीची द्रव्यं असतात. ती लावून उन्हात गेलं तर फोड येतात आणि मागे काळे चट्टे महिनोन्महिने राहतात. उन्हाच्या लेपात लिंबू सुचवणारी कृती दिसली की ती तिथेच सोडून द्यावी, असं मी कळकळीने सांगेन.

उन्हात जाताना भरवसा ठेवावा तो कापडावर. स्कार्फ, पूर्ण बाही, रुंद काठाची टोपी, छत्री. आणि उरलेल्या उघड्या भागावर तपासलेलं सनस्क्रीन, दर दोन तासांनी पुन्हा. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुलींनी चेहऱ्याला गुंडाळलेल्या स्कार्फची थट्टा फार झाली. किरण अडवण्यात दाट विणीचा तो स्कार्फ घरच्या कोणत्याही तेलाच्या पुढे आहे.

तेलाची पाळी घरी परतल्यावर. उन्हाने आणि वाऱ्याने त्वचेतलं पाणी उडतं, ती ओढल्यासारखी होते, ओठ फुटतात. इथे घरचं मलम खरोखर उपयोगी पडतं. कोकणातलं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, यासाठी मला सर्वांत आवडतं: डब्यात टणक राहतं आणि अंगाच्या उबेला मऊ होतं. लाकडी घाण्याचं तिळाचं तेल किंवा खोबरेल ६० ग्रॅम, भिरंडेल २० ग्रॅम, शुद्ध मधमाशीचं मेण १२ ग्रॅम. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मेण वितळेपर्यंतच गरम करा; ते ६२-६४ अंशांना वितळतं. तेल धुरावू देऊ नका.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. तांबट आळीतलं घडीव तांब्याचं पातेलं कितीही देखणं असलं, तरी बिनकल्हईचं तांबं तेलाला लवकर खवट करतं. मलमात पाणी किंवा कोरफडीचा ताजा गर घालू नका, त्याने बुरशी धरते. कोरफड लावायचीच तर वेगळी, पिवळा चीक निथळून, ताजी लावावी.

त्वचा लाल होऊन आग होत असेल, तर आधी गार पाण्याच्या पट्ट्या. आग शमेपर्यंत तेलकट काही नको, कारण ते उष्णता कोंडून धरतं. फोड आले तर डॉक्टर गाठावा. मलम पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस वाट पाहावी, आणि डब्यावर केल्याची तारीख लिहावी. खवट वास आला की उरलेलं टाकून द्यावं. बचत गटात किंवा प्रदर्शनात विकायचा विचार असेल, तर सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायला परवाना लागतो, त्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाकडे आधी करावी. आणि लेबलवर ‘सनस्क्रीन’ हा शब्द घालू नये.