बाबा सुट्टीवर येतात तेव्हा

आपल्या सातारा जिल्ह्यात फौजी नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. अपशिंग्याच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ चिकटली आहे. कुणाचा मुलगा भूदलात, कुणाचा जावई नौदलात आणि सून-नातवंडे मुंबईच्या क्वार्टरमध्ये, असे चित्र घरोघरी दिसते.

माझा दवाखाना मुंबईच्या उपनगरात, मालाडला आहे. पश्चिमेला मार्व्याच्या किनाऱ्यावर नौदलाचे ‘आय.एन.एस. हमला’ हे प्रशिक्षण केंद्र आणि पूर्वेला कांदिवलीच्या बाजूस लष्कराचे सी.ओ.डी. हे कोठार. त्यामुळे फौजी कुटुंबांतील मुले माझ्याकडे वरचेवर येतात. त्यांच्यासाठी युनिटची एम.आय. रूम असते, कुलाब्याला नौदलाचे ‘अश्विनी’ रुग्णालय आहे. पण रविवारी संध्याकाळी मुलाला उलट्या लागल्या की कोपऱ्यावरचा डॉक्टरच बरा वाटतो. या मुलांचे सर्दी-खोकले चारचौघांसारखेच. एक तक्रार मात्र खास त्यांचीच. मुलाचा बाप सुट्टीवर आलेला असतो आणि गावाहून आलेली आजी मला हळूच सांगते, “डॉक्टर, पोरगं बापाकडं जाईना हो. बघितलं की रडतंय. कुणाची दृष्ट लागली का काय?”

वाचकहो, ही दृष्ट नव्हे आणि आजारही नव्हे. मूल साधारण आठ-नऊ महिन्यांचे झाले की त्याला आपले कोण आणि परके कोण हे कळू लागते. तोपर्यंत कोणाच्याही कडेवर जाणारे बाळ आता आईच्या पदराआड लपते. हा काळ दीड वर्षापर्यंत जोरात असतो आणि पुढे दोन-तीन वर्षांपर्यंत हळूहळू ओसरतो. म्हणजे मुलाची बुद्धी योग्य वाढते आहे याचीच ती खूण आहे. आता हिशेब करा. जहाज सेलिंगला गेले किंवा पलटण फिल्डवर गेली की बाप सहा-सहा महिने घरी नसतो. दीड वर्षाच्या मुलाच्या दृष्टीने सहा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा! तेवढ्या काळाने दारात उभा राहिलेला मिशीवाला माणूस त्याला पाहुणा वाटला तर त्यात त्याचा काय दोष?

इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन आणि डॉ. जॉन बोल्बी यांनी या गोष्टीचा फार बारकाईने अभ्यास केला. रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीचा, ती आठ दिवस रुग्णालयात असतानाचा चित्रपट काढला. त्या वेळी तिकडे आई-बापांना मुलाजवळ थांबू देत नसत. आईवडिलांपासून तुटलेली अशी लहान मुले आधी आकांत करतात, मग गप्प गप्प होतात, आणि ताटातूट लांबली की आई परत आली तरी तोंड फिरवतात, असे या दोघांना आढळले. माया आटली म्हणून नव्हे, तर मन दुखावले म्हणून. या कामामुळे पुढे रुग्णालयांचे भेटीचे नियम बदलले. प्रत्यक्ष आईच्या बाबतीत जर असे होते, तर बापाकडे जायला चार दिवस लागले म्हणून कोणी वाईट वाटून घेऊ नये.

पण घरात नेमके उलटे घडते. बाप आल्या आल्या मुलाला उचलायला धावतो. मूल किंचाळते. भोवती जमलेली मंडळी म्हणतात, “अरे बाबा आहे तुझा, जा की!” कोणी त्याला ढकलतो, कोणी चिडवतो. बापाचा चेहरा उतरतो. चार महिने पाण्यावर नाहीतर बर्फात काढून आलेल्या माणसाला ते किती लागते, हे मी माझ्या टेबलासमोर पुष्कळदा पाहिले आहे. एक धिप्पाड नौसैनिक मला म्हणाला, “साहेब, मी नसलो तरच याला बरं वाटतं.” तसे मुळीच नाही.

अशा वेळी बापाने उचलण्याची घाई करू नये. खाली सतरंजीवर बसावे. उभा माणूस लहान मुलाला डोंगराएवढा दिसतो. मुलाकडे टक लावून पाहू नये. त्याचीच एखादी वाटी, झाकण, गाडी घेऊन आपल्याशीच खेळत बसावे. मूल आईच्या मांडीवरून पाहील, मग दोन पावले येईल, वस्तू घेऊन पळेल, पुन्हा येईल. हा खेळ दोन दिवस चालेल, कधी दोन आठवडे. मग हळूहळू एकेक काम बापाने आपल्याकडे घ्यावे. आधी फिरायला नेणे, मग भरवणे, मग आंघोळ. सुरुवातीला आईने जवळ असावे.

एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. बाप आला त्याच रात्री आईच्या कुशीत झोपणाऱ्या मुलाला आजीकडे झोपायला पाठवतात. मुलाला त्यातून एकच कळते, की हा माणूस आला आणि माझी जागा गेली. नवरा-बायकोला निवांतपणा हवा हे मला मान्य आहे. पण झोपण्याची जागा बदलायची तर ती बाप येण्याच्या महिनाभर आधी बदलावी, नाहीतर आठ दिवस थांबावे.

आणि आयांनो, बाप नसताना “थांब, बाबांना येऊ दे, मग बघते तुझ्याकडे,” ही धमकी बंद करा. वर्षभर ज्याचे नाव शिक्षेसाठी घेतले, त्याच्याकडे मूल हसत कसे जाईल? त्यापेक्षा बापाचा फोटो मुलाच्या नजरेच्या उंचीवर लावावा, रोज झोपताना त्याला दाखवावा. दोन वर्षांखालील मुलांना मोबाईल-टीव्हीचा पडदा दाखवू नये, असे बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचे सांगणे आहे. पण नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओवर बोलण्याची सूट त्यांनीही ठेवली आहे. बापाने ती जरूर वापरावी. मूल दोन मिनिटांत पळून गेले तर रुसू नये. जहाज समुद्रात असले की फोन लागत नाही, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या आवाजात दोन-चार गोष्टी नोंदवून ठेवाव्यात.

आता फिरायला जाण्याविषयी. बाप-लेकरांची गट्टी जमायला घराबाहेर पडण्यासारखा उपाय नाही, पण फौजी माणसाचा घोळ इथेच होतो. सुट्टी मोजकी, हौस दांडगी. मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या उकाड्यात एक कुटुंब दीड वर्षाच्या मुलाला घेऊन सकाळी सातला घराबाहेर पडले. सिद्धिविनायक, राणीचा बाग, गेटवे, येताना जुहूची चौपाटी, असा बेत एका दिवसात उरकला. दुपारची झोप नाही, जेवण नाही, पाणी घोट-दोन घोट, वर चौपाटीवरचा बर्फाचा गोळा. रात्री नऊला मूल माझ्यासमोर आडवे. सहा तासांत लघवी नाही, जीभ कोरडी, रडताना डोळ्यांत पाणी नाही. ही अंगातले पाणी कमी झाल्याची लक्षणे प्रत्येक घराला पाठ असली पाहिजेत. त्याला चमच्याचमच्याने पाणी पाजत तास-दीड तास दवाखान्यातच बसवले तेव्हा लघवी झाली.

अशा वेळी ओ.आर.एस.ची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा द्यावा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. बाटलीच तोंडाला लावली तर ते सगळे बाहेर येते आणि मग “पोटात पाणीसुद्धा ठरत नाही” म्हणून घाबरायला होते. मूल सुस्त पडले, पीत नाही किंवा शौचात रक्त दिसले तर घरी वेळ काढू नये.

दीड-दोन वर्षांच्या मुलाला एका दिवसात एकच ठिकाण पुरे. या वयाला झोप दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास लागते, त्यात दुपारची धरली आहे. ती मोडली की मूल ‘हट्टी’ होते. आमच्या भागात सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. (सोमवारी बंद असते.) सकाळी लवकर जावे, अकराच्या आत परतावे. बापाला कान्हेरीची लेणी दाखवायची असतात. ती शंभराच्या वर आहेत. पण लेकराला पायरीवरची मुंग्यांची रांगच मोठी वाटते. त्याला ती अर्धा तास पाहू द्या. बापाने शेजारी बसावे. गट्टी तिथेच जमते.

माकडांपासून मात्र सावध. मुलाच्या हातात केळे-बिस्कीट देऊन चालवू नका. माकडाने ओरबाडले किंवा चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी रुग्णालय गाठावे. कुत्र्या-मांजराच्या बाबतीतही हेच.

मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला जाणे मुलांना फार आवडते. त्यात मुलाला कडेवरून उतरवू नये, एवढे पुरे. अक्सा किनारा मात्र फसवा आहे. तिथे बुडून माणसे गेल्याच्या बातम्या पावसाळ्यात हमखास वाचायला मिळतात. नौदलातल्या बापाला पाण्याचे भय नसते, हाच धोका. मुलाला घेऊन ओल्या वाळूच्या पुढे जाऊ नये. तरीही या वयाच्या मुलाला समुद्राइतकाच धोका घरातल्या बादलीचा असतो. क्वार्टरमध्ये पाणी ठरावीक वेळी येते, म्हणून मोरीत पिंप-बादल्या भरून ठेवलेल्या असतात. वाकून पाहताना मूल डोक्यावर पडते. त्याचे डोके जड, हातात स्वतःला उचलण्याचे बळ नाही. वीतभर पाणीही पुरते, आणि आवाजसुद्धा होत नाही. मोरीला बाहेरून कडी लावा. गावी आल्यावर हौदावर झाकण आहे का, तेही पाहा.

गावी आल्यावर पहिल्याच दिवशी तीस माणसांनी मुलाचे पापे घेऊ नयेत. ज्याला खोकला आहे त्याने तर लांबूनच कौतुक करावे.

बदलीचेही सांगतो. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान डांग्या खोकला-घटसर्प-धनुर्वाताचा बूस्टर, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि पोलिओचा बूस्टर येतो. नेमके त्याच वेळी सामान बांधलेले असते आणि लसीकरणाचे कार्ड ट्रंकेच्या तळाशी. ते कार्ड रेल्वेच्या तिकिटाबरोबर जवळच्या पिशवीत ठेवावे आणि त्याचा फोटो आई-बाप दोघांच्याही मोबाईलमध्ये असावा. आसामात बदली झाली असेल तर जपानी मेंदूज्वराच्या लसीची चौकशी करावी. सरकारी वेळापत्रकात ती ठरावीक जिल्ह्यांतच देतात. मुंबईत वाढलेल्या मुलाच्या कार्डावर ती बहुधा नसते. आणि उन्हाळ्यात बापाला भेटायला लेहला विमानाने जाणार असाल, तर ते ठिकाण साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. मोठा माणूस डोके दुखते म्हणून सांगतो. लहान मूल नुसते किरकिरते, खात नाही, झोपत नाही, ओकते. पहिले दोन दिवस मुक्कामावरच काढावेत, त्याहून वर जाऊ नये. निघताना मुलाला सर्दी-खोकला असेल तर तिकीट पुढे ढकलावे.

शेवटी सुट्टी संपते. मूल रडेल म्हणून ते झोपलेले असताना बाप पहाटे गुपचूप निघून जातो. सगळ्या घरांत हीच रीत आहे आणि ती वाईट आहे. मूल उठून घरभर शोधते आणि पुढे कोणी नुसते चप्पल घालू लागले तरी भेदरते. त्याला उठवावे, जवळ घ्यावे, “बाबा कामाला जातो, परत येणार,” असे दोन शब्दांत सांगून निघावे. ते रडेल. रडू द्यावे. त्यानंतर दोन-तीन आठवडे मूल आईला चिकटून राहील, रात्री उठेल, कदाचित पुन्हा अंथरूण ओले करील. यासाठी औषध लागत नाही. मात्र महिना उलटूनही ते खात नसेल, वजन उतरत असेल, खेळत नसेल किंवा येत असलेले शब्द बोलायचे थांबले असेल, तर त्याला डॉक्टरांना दाखवावे, आणि बाप घरी नसतो हे त्यांना आधी सांगावे.