नाशिकला गेलात तर नावं वाचा

सुगी आटोपली की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे सहलीचा. वर्गणी ठरते, गाडी ठरते आणि बहुतेक वेळा गावही ठरलेलं असतं, नाशिक. एका दिवसात होतं, गोदावरीचं स्नान होतं, देवदर्शन होतं. पण होतं काय, की रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन असं भराभर उरकायचं, द्राक्षं घ्यायची आणि गाडीत बसायचं. वर्षभर पै-पै साठवून आपण जातो, तर दोन गोष्टी नीट समजून पाहाव्यात, म्हणून आजचं हे बोलणं. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारायचे. हे कोणी दिलं? इथे कोणाला येऊ दिलं नव्हतं? आणि नदीचं पाणी कुठवर आलं होतं?

आधी नदीकाठी जाऊ. गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर, आणि तिथून नाशिकला येते. रामकुंडाजवळ पात्रातच एक मोठा मारुती उभा आहे. एक तोंड इकडे, एक तिकडे, म्हणून त्याचं नाव दुतोंड्या मारुती. नाशिककर पावसाळ्यात पूर मोजतात तो याच्यावरून. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला आलं, गळ्याला आलं, असं बोललं जातं आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. जवळच नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ साली बांधलेलं. त्याच्या दर्शनी भिंतीवर मोठी घंटा आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. पाणी या घंटेपर्यंत चढलं म्हणजे महापूर, अशी जुनी समजूत. १९६९ चा पूर म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. २००८ आणि २०१६ सालीही काठावरची दुकानं पाण्यात गेली. आता वर गंगापूर धरण आहे, तिथून पाणी सोडल्याची सूचना मिळते. तरी पावसाळ्यात गेलात तर पायरीवर उतरण्याआधी स्थानिक माणसाला विचारा, आणि पोरांचा हात सोडू नका.

तिथून चालत काळाराम मंदिर. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीला हे काळ्या दगडाचं देऊळ बांधलं. दगडाचं काम पाहण्यासारखं आहेच. पण दरवाजातून आत पाऊल टाकताना क्षणभर थांबा. आज आपण सगळ्याजणी चपला काढून सरळ आत जातो. १९३० साली तसं नव्हतं. ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत, त्यांना या दारातून आत जायला बंदी होती. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला. नाशिकचे दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. हजारो माणसांची मिरवणूक देवळाकडे आली, तर दारं लावून घेतलेली. मग सत्याग्रहींच्या तुकड्या चारही दरवाजांवर बसल्या. पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष होते आणि पंचवीस बायका होत्या.

त्या पंचवीसजणींचा विचार करा. घरचं पाणी, लेकरं, मजुरी, हे सगळं तेव्हाही होतंच. त्यात गाव काय म्हणेल ही भीती, आणि समोर पोलीस. तरी त्या बसल्या. सत्याग्रह सुमारे पाच वर्षं चालला, पण दार उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात झाला तो १९४७ साली. आपल्या गटात सगळ्या समाजाच्या बायका एका सतरंजीवर बसतात. या दाराशी गेलात की नव्या मुलींना हे सांगा.

आता तिसरं ठिकाण. बहुतेक सहली हेच गाळतात, आणि मला विचाराल तर गटातल्या बाईने हेच आधी पाहावं. शहरापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून एक डोंगर आहे. जुनं नाव त्रिरश्मी. त्यावर चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, आणि कोणी सांगतं की भीमाने एका रात्रीत कोरली. पांडवांचा यांच्याशी काही संबंध नाही. ही बौद्ध भिक्खूंची राहण्याची आणि पूजेची जागा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून, कित्येक पिढ्यांनी दिलेल्या दानातून ती कोरली गेली. दान कोणी दिलं ते तिथेच भिंतींवर ब्राह्मी लिपीत लिहिलेलं आहे. भाषा बहुतेक प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. अभ्यासकांनी हे लेख वाचले, आणि त्यांतून बाया बाहेर आल्या.

दहा नंबरच्या लेण्यात खोल्या आहेत. त्यातल्या दोन दारांवर नाव आहे दक्षमित्रेचं. राजा नहपानाची ही मुलगी, उषवदाताची बायको. खोलीसाठी तिच्या लेखात शब्द आहे ‘ओवरक’. ओळखलात? तीच आपली ओवरी.

अठरा नंबरचं लेणं म्हणजे पूजेचं चैत्यघर, आत दगडी स्तूप आहे. त्याच्या खांबांवर लिहिलंय की हे काम भट्टपालिकेने पुरं केलं. ती कोणाची मुलगी, कोणाची बायको, कोणाची आई, हे सगळं तिथे आहे. आपल्या कागदांवर असतं तसंच. पण काम पुरं केलं ते तिने, हेही स्पष्ट लिहिलंय. याच लेण्याच्या दर्शनी भागावर एका गावाचं नाव आहे, धंभिक. अख्ख्या गावाने मिळून दिलेलं ते दान. त्याच ओळीत नाशिकचंही नाव येतं.

तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. राजाच्या नावाआधी आईचं नाव लागलंय ते हेच. तिथे आणखी एक हुकूम आहे, राजा आणि त्याची आई या दोघांच्या नावाने काढलेला. त्याची गोष्ट अशी. भिक्खूंना आधी एका गावातलं शेत दिलं होतं. पण ते शेत कसलं जात नव्हतं आणि ते गावही वसलेलं नव्हतं. कागदावर दान, हातात काही नाही. म्हणून त्याच्या बदल्यात शहराच्या शिवेवरची सरकारी जमीन, शंभर निवर्तनं, देण्याचा हुकूम निघाला. निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप. सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेल्या बाईला यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

आणि आता आपल्या कामाची गोष्ट. दहा नंबरच्या लेण्यातच उषवदाताचा लेख आहे. याने तापी, दमणगंगा अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या होत्या. इथल्या भिक्खूंसाठी त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, विणकरांच्या दोन संघांकडे ठेवली. अशा संघाला श्रेणी म्हणत. २,००० नाणी दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज काढा बघू. दरमहा वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेखात लिहिलंय की वीस भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा नाणी. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब चोख जुळतो! शिवाय हे सारं नगराच्या सभेत वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही लिहिलंय. म्हणजे बैठक, ठेव, व्याज आणि लेखे. आपण पंचसूत्रीत शिकलो त्यातलं बरंच काही एकोणीसशे वर्षांपूर्वी या डोंगरावर कोरलेलं आहे.

त्यानंतरच्या काळातला, राजा ईश्वरसेनाच्या वेळचा, एक लेख तिथेच आहे तो विष्णुदत्ता नावाच्या बाईचा. तिनेही रोख रक्कम गोवर्धनच्या वेगवेगळ्या श्रेणींकडे ठेवली. त्यात तेलाचे घाणे चालवणारे होते, पाण्याची यंत्रं करणारे होते. कशासाठी ठेवली? आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी. सगळे पैसे एका ठिकाणी न ठेवता विभागून ठेवले, हेही ध्यानात घ्या. आपण गटात आजारपणासाठी वेगळा निधी काढतो, तेव्हा या बाईची आठवण ठेवायला हरकत नाही.

जाताना काही गोष्टी सांभाळा. पहाटे नदी आणि काळाराम उरकलं, तर ऊन चढायच्या आत डोंगराच्या पायथ्याशी पोहोचता येतं. वर जायला पायऱ्या आहेत, चढ दम काढतो, पाणी बरोबर घ्या. गुडघे दुखणाऱ्या मावश्यांना पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारकाच्या बागेत बसता येईल. लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिकीट काढावं लागतं. आत अंधार असतो, मोबाइलची बॅटरी लावून अक्षरं पाहा. भिंतीवर हात घासू नका, आणि कोणालाही आपलं नाव खरडू देऊ नका. ज्या बायांनी तिथे नाव लिहवलं, त्यांनी आधी काही दिलं होतं.

आणि घरी आल्यावर पुढच्या बैठकीत सहलीचा खर्च वहीत चढवा. कोण कोण आलं तेही लिहा. ‘पिंटूची आई’, ‘पाटलांची सून’ असं नको, प्रत्येकीचं स्वतःचं पूर्ण नाव लिहा. दक्षमित्रा, भट्टपालिका, विष्णुदत्ता ही नावं आज आपल्या तोंडी येतात, कारण कोणीतरी ती नीट लिहून ठेवली.

सांभाळून जा, बघून या. नमस्कार.